शांतिसेना श्रीलंकेत: बत्तीस महिन्यांच्या एका हस्तक्षेपाचा प्रकरण अभ्यास

परक्या देशात सैन्य पाठवून तिथे टिकाऊ शांतता आणता येते का, हा प्रश्न आपल्याकडे निघतो तो इराक किंवा अफगाणिस्तानच्या निमित्ताने. मग अमेरिकेच्या पदरात दोष घातला जातो आणि विषय संपतो. भारताने स्वतः हा प्रयोग जुलै 1987 ते मार्च 1990 या काळात, श्रीलंकेत शांतिसेना पाठवून केला. त्यात सुमारे 1200 भारतीय जवान कामी आले आणि त्याहून बरेच जास्त जखमी झाले. ज्या दक्षिण कमानच्या प्रमुखांकडे या मोहिमेची सूत्रे होती, तिचे मुख्यालय पुण्यात आहे. मराठा लाइट इन्फंट्री आणि महार रेजिमेंटच्या पलटणी तिथे लढल्या. मोहिमेतले एकमेव परमवीर चक्र 8 महारच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर मिळाले, आणि त्यांचा जन्म मुंबईचा. आपल्याकडे या मोहिमेच्या शौर्यकथा सांगितल्या जातात आणि त्या सांगायलाच हव्यात. पण हे जवान कोणत्या निर्णयांमुळे तिथे अडकले, त्याची चिकित्सा फारशी होत नाही. ती करण्यासाठी हे टिपण आहे.

राजकीय नेते आणि सेनाधिकारी यांची नावे सार्वजनिक नोंदीतली असल्याने दिली आहेत. सामान्य नागरिक, रुग्णालयातले कर्मचारी आणि जवान यांची नावे दिलेली नाहीत.

माझे म्हणणे आधीच सांगतो. सैन्य तिथे कमी पडले असे मला वाटत नाही. ज्या कराराची राखण करायला ते पाठवले होते, तो करार भांडणाऱ्या दोघांनाही मनापासून मान्य नव्हता. मग राखायचे काय, याचे उत्तर शेवटपर्यंत सापडले नाही.

पार्श्वभूमी

1948 साली स्वतंत्र झालेल्या सिलोनने, म्हणजे आजच्या श्रीलंकेने, त्याच वर्षी चहामळ्यांवरच्या लाखो तमिळ मजुरांना नागरिकत्वाबाहेर ठेवले. 1956 मध्ये सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरवणारा कायदा झाला. पुढच्याच वर्षी पंतप्रधान बंदारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांच्यात प्रादेशिक स्वायत्ततेचा करार झाला, पण बौद्ध भिक्षू आणि विरोधी पक्ष रस्त्यावर उतरले आणि बंदारनायकेंनी माघार घेतली. हा 1957 चा करार लक्षात ठेवावा. तमिळांना काही द्यायचे कबूल करणारा कागद आणि तो कोलंबोत टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच दिसले होते.

सत्तरच्या दशकात विद्यापीठ प्रवेशाचे नियम असे बदलले की तमिळ विद्यार्थ्यांना त्याच जागेसाठी जास्त गुण लागू लागले. उत्तरेतल्या जाफनासारख्या, शिक्षण हीच पुंजी मानणाऱ्या तमिळ समाजात याचा घाव फार खोल गेला. 1981 मध्ये जाफनाचे सार्वजनिक ग्रंथालय जाळले गेले, त्यात सुमारे 97,000 ग्रंथ आणि हस्तलिखिते खाक झाली. जुलै 1983 मध्ये तमिळ अतिरेक्यांनी घात लावून 13 सैनिक मारले. त्यानंतर कोलंबोसह देशभर तमिळांची घरे, दुकाने आणि माणसे जाळली गेली. वेलिकडा तुरुंगात कैदेत असलेल्या तमिळांनाही सोडले नाही. हजारो निर्वासित पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून तमिळनाडूत आले.

इथून भारत या भांडणात उतरला, आणि उतरला तो दोन दारांनी. दिल्ली एकीकडे मध्यस्थी करत होती, 1985 मध्ये थिंफू इथे दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवत होती. दुसरीकडे ‘रॉ’ ही भारताची गुप्तचर संस्था तमिळ संघटनांना प्रशिक्षण आणि शस्त्रे देत होती, आणि तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन लिट्टेला, म्हणजे ‘तमिळ वाघ’ म्हणवणाऱ्या सशस्त्र संघटनेला, उघड मदत करत होते. या संघटनांपैकी लिट्टेने 1986 मध्ये ‘टेलो’ या प्रतिस्पर्धी संघटनेची कत्तल करून ती मोडून काढली. तमिळांच्या वतीने बोलायचे तर फक्त आम्ही, हा लिट्टेचे प्रमुख प्रभाकरन यांचा आग्रह त्यातून पुरता उघड झाला होता.

मे 1987 मध्ये श्रीलंकेच्या सैन्याने जाफना द्वीपकल्पातल्या वडमराच्ची भागावर मोठा हल्ला चढवला. आता जाफना पडणार असे दिसू लागले. भारताने 3 जूनला मदतसामग्रीच्या बोटी पाठवल्या, त्या श्रीलंकेच्या नौदलाने परत लावल्या. दुसऱ्या दिवशी पाच एएन-32 विमानांनी मिराज लढाऊ विमानांच्या संरक्षणात जाफनावर अन्नधान्य टाकले. टाकलेले धान्य थोडेच होते. पण जाफना लष्करी बळावर घेऊ देणार नाही, हा निरोप कोलंबोला पोचला.

समस्या

जुलै 1987 मध्ये दिल्लीला एकाच वेळी तीन गोष्टी हव्या होत्या. श्रीलंकेतल्या तमिळांना सुरक्षितता आणि स्वायत्तता मिळावी. वेगळे ईलम, म्हणजे स्वतंत्र तमिळ राष्ट्र, मात्र होऊ नये, कारण त्याचे पडसाद तमिळनाडूत उमटले असते. आणि शीतयुद्धाच्या त्या काळात त्रिंकोमालीचे बंदर कोणत्याही परक्या सत्तेच्या हाती जाऊ नये. यातली तिसरी इच्छा शांततेशी संबंधित नव्हती, ती भारताच्या सुरक्षेची गरज होती. ती असणे गैर नाही. पण शांततेचा हमीदार म्हणून जाणाऱ्याचा स्वतःचा असा हिशेब असला की दोन्ही पक्षांना तो दिसतो आणि ते त्याच्याकडे त्याच नजरेने पाहतात.

राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांची अडचण निराळी होती. दक्षिणेत जेव्हीपी या सिंहली डाव्या संघटनेचा उठाव पेटत होता आणि त्यांचे सैन्य दोन आघाड्यांवर ताणले गेले होते. उत्तरेची जबाबदारी कोणी घेतली तर दक्षिण सांभाळता येणार होती.

प्रभाकरन यांना स्वायत्तता नको होती, ईलम हवे होते. हे ते लपवतही नव्हते.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय दबाव आणि मध्यस्थी चालू ठेवण्याचा. जूनच्या विमानांनी जयवर्धने वाकले होते, दिल्लीकडे पत्ते होते. लिट्टे आणि कोलंबो यांनाच समोरासमोर बसवून सही करायला लावणे वेळखाऊ होते, कदाचित फसलेही असते. पण फसले असते तर ते त्या दोघांचे अपयश ठरले असते.

दुसरा पर्याय सैन्याऐवजी मोजक्या निरीक्षकांचा, हवे तर संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली. पण आपल्या अंगणात तिसऱ्याला येऊ द्यायचे नाही, हा दिल्लीचा त्या काळातला पक्का नियम होता.

तिसरा पर्याय भारताने स्वतःच करारावर सही करायची, लिट्टेला मनवायची जबाबदारी घ्यायची आणि गरज पडल्यास सैन्याने हमी द्यायची असा होता. तोच निवडला गेला. 29 जुलै 1987 रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. शहरात संचारबंदी होती. श्रीलंकेचे पंतप्रधान प्रेमदासा समारंभाला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मानवंदना स्वीकारताना एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारून वार केला. सिंहली समाजाने हा करार कसा घेतला, ते चोवीस तासांच्या आत जगासमोर आले होते.

करारात उत्तर आणि पूर्व प्रांत तात्पुरते एकत्र करून त्यांना निवडून आलेली परिषद द्यायची होती. पूर्वेत 31 डिसेंबर 1988 पर्यंत सार्वमत घ्यायचे होते. सह्या झाल्यापासून 48 तासांत युद्धबंदी आणि त्यानंतर 72 तासांत सगळ्या संघटनांनी शस्त्रे खाली ठेवायची होती. वर्षानुवर्षांची सशस्त्र चळवळ पाच दिवसांत मोडायची! आणि तीही जिची करारावर सही नाही अशी. प्रभाकरन यांना दिल्लीत अशोक हॉटेलात ठेवून समजावण्यात आले होते. 4 ऑगस्टला जाफनाजवळच्या सुदुमलाई इथे अफाट गर्दीसमोर त्यांनी सांगितले की आपल्या लोकांच्या संरक्षणाची जबाबदारी आम्ही भारताकडे सोपवत आहोत, पण हा करार तमिळ प्रश्न सोडवील असे आम्हाला वाटत नाही आणि ईलमचे ध्येय आम्ही सोडलेले नाही. हे भाषण कान देऊन ऐकले असते तर पुढच्या अडीच वर्षांचा अंदाज दिल्लीला तिथेच आला असता.

जयवर्धने यांनीही सार्वमतात आपण विलीनीकरणाच्या विरोधात प्रचार करू असे जाहीर करून टाकले.

काय केले गेले

सुरुवात चांगली झाली, हे विसरता कामा नये. मेजर जनरल हरकिरत सिंग यांची 54 वी इन्फंट्री डिव्हिजन 30 जुलैपासून पलालीच्या धावपट्टीवर उतरू लागली. जाफनाच्या रस्त्यांवर लोकांनी जवानांना हार घातले. श्रीलंकेचे सैन्य बराकीत गेले आणि त्यातल्या काही तुकड्या भारतीय विमानांनीच दक्षिणेत, जेव्हीपीविरुद्ध, हलवल्या गेल्या. खूप दिवसांनी तोफा थांबल्या होत्या. त्या आठवड्यांत भारतीय सैन्याने युद्ध थांबवले ही वस्तुस्थिती आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

5 ऑगस्टला पलालीत शस्त्रसमर्पणाचा समारंभ झाला. लिट्टेच्या वतीने आलेल्या योगी या नेत्याने श्रीलंकेच्या संरक्षण सचिवांपुढच्या टेबलावर एक पिस्तूल ठेवले. त्यानंतर काही शस्त्रे आली, बरीचशी जुनी. मग ओघ आटला. भारताने त्याच वेळी दुसऱ्या तमिळ संघटनांना हाताशी धरायला सुरुवात केली होती, त्यामुळे शस्त्रे टाकली तर आपण उघडे पडू ही लिट्टेची भीती अगदीच खोटी नव्हती.

15 सप्टेंबरला लिट्टेचा तरुण राजकीय नेता थिलीपन नल्लूरच्या कंदस्वामी मंदिरासमोर पाच मागण्या घेऊन उपोषणाला बसला. पाणीसुद्धा घ्यायचे नाही असे हे उपोषण होते. मागण्या सगळ्या करारातल्या आश्वासनांशी जोडलेल्या होत्या: राजकीय कैद्यांची सुटका, तमिळ भागातल्या सिंहली वसाहती थांबवणे, अंतरिम प्रशासन होईपर्यंत पुनर्वसनाची कामे रोखणे, नवी पोलीस ठाणी न उघडणे, होमगार्डची शस्त्रे काढून घेणे. रोज हजारो माणसे त्या मंडपाभोवती जमत. भाषणे, कविता, रडणे यातून दिवसागणिक एकच भावना तयार होत गेली की भारत शब्द पाळत नाही. 26 सप्टेंबरला थिलीपन गेला. ज्या देशाने उपोषणाला राजकीय हत्याराची प्रतिष्ठा दिली, त्याच्या पहाऱ्यात हे घडले. ऑगस्टमध्ये हार घालणारे हात त्या अकरा-बारा दिवसांत आखडले, असे मला वाटते. बंदूक एकही सुटली नव्हती.

याच दिवसांतली आणखी एक गोष्ट हरकिरत सिंग यांनी निवृत्तीनंतर लिहून ठेवली आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, चर्चेला येणाऱ्या प्रभाकरन यांना पकडा किंवा मारा असे त्यांना भारताच्या उच्चायुक्तांकडून सांगण्यात आले आणि त्यांनी साफ नकार दिला. पांढऱ्या निशाणाखाली आलेल्या माणसाला सैन्य मारत नाही, ही त्यांची भूमिका. नकार योग्यच होता. पण त्यांची हकिकत खरी धरली, तर मुत्सद्दी आणि सेनापती सप्टेंबरमध्येच एका सुरात नव्हते, हेही तिच्यातून कळते.

मग 3 ऑक्टोबर. श्रीलंकेच्या नौदलाने समुद्रात एक बोट अडवली. तीत पुलेंद्रन आणि कुमारप्पा या दोन ज्येष्ठ कमांडरांसह लिट्टेचे 17 लोक होते. त्यांना पलालीत ठेवले. कोलंबोला ते चौकशीसाठी हवे होते. लिट्टेचे म्हणणे होते की करारानुसार माफी मिळाली आहे, त्यांना सोडा. भारतीय अधिकाऱ्यांनी रदबदली केली, पण जयवर्धने आणि त्यांचे मंत्री अडून बसले, आणि दिल्लीने आपले वजन शेवटच्या टोकापर्यंत वापरले नाही. 5 ऑक्टोबरला त्यांना विमानात चढवायची वेळ आली तेव्हा त्यांनी सायनाइडच्या कुप्या चावल्या. भेटीला आलेल्या साथीदारांनी त्या आत पोचवल्या होत्या. बारा जण मेले. पुढच्या काही दिवसांत लिट्टेने पूर्वेतल्या सिंहली नागरिकांच्या कत्तली केल्या आणि करार संपला.

आता दिल्लीने लिट्टेची शस्त्रे बळाने काढून घ्यायचा आदेश दिला. ऑपरेशन पवन सुरू झाले. जे सैन्य युद्धबंदी राखायला म्हणून आले होते, त्याच्याकडे ना पुरेशी कुमक होती, ना ताजे नकाशे, ना शत्रूची नेमकी माहिती. शत्रूला मात्र भारतीय सैन्याची उत्तम ओळख होती, कारण काही वर्षांपूर्वी त्यातल्या अनेकांना भारतातच शिकवले होते.

11 ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने सैनिक उतरवून लिट्टेचे नेतृत्व पकडायचा बेत होता. लिट्टेने बिनतारी संदेश ऐकले होते, मैदानाभोवती बंदुका लावून ते वाटच पाहत होते. पॅरा कमांडो उतरले. 13 सिख लाइट इन्फंट्रीचे जेमतेम 30 जवान उतरले, आणि माऱ्याने हेलिकॉप्टरे एवढी निकामी झाली की पुढची खेप आलीच नाही. ते 30 जण रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दारूगोळा संपेपर्यंत त्या मैदानाच्या कडेला लढले. 29 मारले गेले, एक पकडला गेला. कमांडोंना सोडवायला रणगाडे रेल्वेच्या रुळांवरून आणावे लागले, कारण रस्त्यांत सुरुंग पेरलेले होते.

जाफना शहर ऑक्टोबरअखेर हाती आले. गल्लीगल्लीत सुरुंग, खिडकीखिडकीत बंदूक अशा लढाईत भारतीय जवान शेकड्यांनी घायाळ झाले आणि नागरिकही मोठ्या संख्येने मारले गेले. 21 ऑक्टोबरला, दिवाळीच्या दिवसांत, जवान जाफनाच्या मुख्य रुग्णालयात शिरले. दोन दिवसांत रुग्ण, डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचारी असे साठहून अधिक लोक तिथे मारले गेले. आतून गोळीबार झाला आणि लोक चकमकीत सापडले, असे सैन्याचे म्हणणे. वाचलेल्या कर्मचाऱ्यांनी सांगितलेले वेगळे आहे: दुसऱ्या दिवशी सकाळी एक बालरोगतज्ज्ञ काही परिचारिकांना घेऊन हात वर करून, आम्ही डॉक्टर-परिचारिका आहोत असे ओरडत पुढे गेले आणि त्यांना गोळी घातली गेली. भारतीय वाचकाला हे वाचणे जड जाते. पण जाफनात आजही शांतिसेना म्हटले की पहिले हे रुग्णालय आठवते, आणि तो भाग गाळून या प्रकरणाचा अभ्यास होऊ शकत नाही.

25 नोव्हेंबरच्या रात्री जाफना भागातल्या शोधमोहिमेवरून परतताना मेजर परमेश्वरन यांच्या तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारले आणि शेवटपर्यंत आपल्या माणसांना आदेश देत राहिले. त्या रात्री त्यांनी कर्तव्यात तसूभरही कसूर केली नाही. ज्या धोरणाने त्यांना तिथे नेले, त्याची झडती घेण्याला या शौर्याची आडकाठी येऊ नये.

1988 मध्ये सैन्य वाढून चार डिव्हिजनपर्यंत गेले. नोव्हेंबर 1988 मध्ये उत्तर-पूर्व प्रांतिक परिषदेच्या निवडणुका झाल्या, लिट्टेने बहिष्कार घातला, आणि ईपीआरएलएफ या लिट्टेविरोधी तमिळ संघटनेचे वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले. पुढे या सरकारच्या रक्षणासाठी तमिळ राष्ट्रीय सेना नावाचे दल उभे केले गेले. त्यात घराघरांतून मुलांना जबरदस्तीने ओढून नेले गेले.

परिणाम

जानेवारी 1989 मध्ये प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले. दक्षिणेत जेव्हीपी भारतविरोधावर फोफावली होती. प्रेमदासांनी लिट्टेशी बोलणी सुरू केली, 1 जूनला शांतिसेनेने 29 जुलैपर्यंत निघून जावे असे जाहीर केले, आणि भारतीय सैन्याशी लढायला लिट्टेला शस्त्रेही पुरवली. श्रीलंकेच्या सरकारने बोलावलेल्या सैन्यावर श्रीलंकेच्याच सरकारने दिलेल्या बंदुका रोखल्या गेल्या. ऑगस्ट 1989 मध्ये प्रभाकरन यांच्या गावी, वल्वेट्टीतुराई इथे, जवानांवरच्या हल्ल्यानंतर पन्नासहून अधिक नागरिक मारले गेले. डिसेंबरमध्ये दिल्लीत व्ही. पी. सिंग यांचे सरकार आले आणि 24 मार्च 1990 रोजी शेवटच्या तुकडीने त्रिंकोमाली सोडले. मद्रासच्या बंदरावर परतलेल्या जवानांच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत.

शांततेचे काय झाले? सैन्य परतत असतानाच पेरुमल सरकार कोसळले आणि ते स्वतः भारतात आले. त्यांच्या दलात ओढलेली पोरे लिट्टेच्या तावडीत सापडली. जूनमध्ये लिट्टे आणि प्रेमदासा यांच्यात पुन्हा युद्ध पेटले. ऑक्टोबरमध्ये लिट्टेने उत्तर प्रांतातली सगळी मुस्लीम वस्ती हाकलून दिली. 21 मे 1991 रोजी श्रीपेरुंबुदुर इथे राजीव गांधींची हत्या झाली, 1 मे 1993 रोजी प्रेमदासांची. सैन्य निघाल्यानंतर तीन महिनेही शांतता टिकली नाही. युद्ध मे 2009 मध्ये संपले.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळे काय करता आले असते

लष्करी वर्तुळात एक म्हणणे नेहमी ऐकू येते: हात बांधून लढायला लावले, मोकळीक दिली असती तर काम फत्ते झाले असते, 2009 मध्ये श्रीलंकेच्या सैन्याने करून दाखवलेच की. मला हे पटत नाही. 2009 चा विजय त्या देशाच्याच राज्यसंस्थेचा होता, आणि त्याच्या शेवटच्या महिन्यांत 40,000 पर्यंत नागरिक मेले असू शकतात असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने 2011 मध्ये म्हटले. परक्या देशाच्या सैन्याने ती किंमत वसूल करायची कुणाच्या नावाने? आणि बंदुका थांबून इतकी वर्षे झाली तरी सत्तावाटपाचा मूळ प्रश्न आहे तिथेच आहे.

सगळ्यात मोठी चूक मला सहीच्या दिवशी झालेली दिसते. भारत हमीदार म्हणून गेला, पण करारावर त्याची सही पक्षकार म्हणून होती, आणि तमिळांच्या वतीने बोलायचा अधिकार त्याने स्वतःच स्वतःकडे घेतला होता. लिट्टेची सही नव्हती म्हणून लिट्टे बांधील नव्हती. जयवर्धनेंची होती, पण त्यांच्याच मंत्रिमंडळात त्या सहीला वजन नव्हते. भाऊबंदकीच्या वाटणीपत्रावर शेजाऱ्याने सही करावी, तसे हे झाले. महिनाभर उशीर झाला तरी चालेल, पण प्रभाकरन आणि जयवर्धने यांची नावे एका कागदावर आल्याशिवाय एकही जवान हलणार नाही, असे दिल्लीने म्हणायला हवे होते. प्रभाकरन यांनी सही केलीच नसती, असे कोणी म्हणेल. बहुधा खरे आहे. पण मग सैन्य पाठवू नये हेही तिथेच ठरले असते.

दुसरी जागा 3 ते 5 ऑक्टोबरची. सतरा कैदी ज्या पलालीत होते, तिथेच भारतीय सैन्याचे ठाणे होते. त्यांना भारताच्या ताब्यात घेऊन माफीच्या कलमाचा निवाडा दोन्ही सरकारांनी नंतर करायचा, एवढी मागणी पंतप्रधानांच्या पातळीवरून, करारच पणाला लावून करता आली असती. जयवर्धनेंना तेव्हा भारताची गरज होती. यामुळे लिट्टे कायमची सुधारली असती असा माझा दावा नाही. मात्र ऑक्टोबर 1987 चे युद्ध टळले किंवा निदान लांबले असते, आणि जाफनाच्या लोकांच्या नजरेत भारत शब्द पाळणारा राहिला असता. थिलीपनच्या मागण्यांबाबतही तेच. त्यातल्या दोन-तीन तातडीने मान्य करण्याजोग्या होत्या.

तिसरी जागा शांतिराखणीतून युद्धात उडी घेण्याची. ती काही दिवसांत, तयारीविना घेतली गेली. त्या आठवड्यात सैन्य छावण्यांत मागे घेऊन, करार मोडल्याचे जाहीर करून निघून येणे हाही पर्याय होता. नाचक्की झाली असती. पण 1990 मध्ये नाचक्की होऊनच आलो, आणि दरम्यान हजाराहून जास्त घरांत तारा पोचल्या.

1988 ची निवडणूक घेणे बरोबर होते की चूक, याबद्दल माझे मत आजही पक्के नाही. पूर्वेत लोकांनी धोका पत्करून मतदान केले, आणि बंदुकीशिवाय राजकारण करू पाहणाऱ्या तमिळांना जागा मिळायला हवी होती. पण परक्या सैन्याच्या कुंपणात उभे राहिलेले सरकार त्या कुंपणाबाहेर एक दिवस टिकेल का, याची तजवीज नव्हती. जबरदस्तीची सैन्यभरती तर कोणत्याही हिशेबात अक्षम्य आहे.

भारताच्याच इतर दोन मोहिमा शेजारी ठेवून पाहाव्यात. डिसेंबर 1971 नंतर बांगलादेशात भारतीय सैन्य थांबले ते मार्च 1972 पर्यंत. तिथे जनतेने निवडून दिलेले नेतृत्व होते, राज्य चालवायला माणसे तयार होती, आणि मुजीबुर रहमान यांनी सैन्य लवकर परत न्या म्हटल्यावर ते नेले गेले. नोव्हेंबर 1988 मध्ये मालदीवमध्ये भाडोत्री सैनिकांचे बंड मोडायला भारतीय सैन्य गेले. काम स्पष्ट होते, बोलावणारे सरकार निर्विवाद होते, आणि बंड काही तासांतच मोडले. दोन्हीकडे शांतता बांधण्याचे काम सैन्याकडे नव्हते, ते स्थानिक लोकांकडेच राहिले. पुढे बांगलादेशात काय काय झाले ते आपण जाणतोच, म्हणून त्यालाही टिकाऊ स्थैर्य म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण त्या अस्थैर्यात आपले सैन्य अडकले नाही.

श्रीलंकेत 1987 मधून उरले काय, तर त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये संमत झालेली तेरावी घटनादुरुस्ती. प्रांतिक परिषदा तिच्यातून आल्या आणि तमिळ ही राजभाषा झाली. उत्तर-पूर्वेचे विलीनीकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये रद्द केले. जमीन आणि पोलीस यांचे अधिकार प्रांतांना कागदावर आहेत, प्रत्यक्षात कोलंबोने सोडलेले नाहीत. उत्तर प्रांताची पहिली स्वतंत्र निवडणूक व्हायला 2013 साल उजाडले, तिची मुदत 2018 मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षामागून वर्षे कारभार राज्यपालांच्या हाती राहिला. तरीही अनेक तमिळ पक्ष आज मागणी करतात ती याच दुरुस्तीच्या पूर्ण अंमलबजावणीची, निदान सुरुवात म्हणून. भारताचा प्रत्येक पंतप्रधान कोलंबोशी बोलताना हाच विषय काढतो. आणि ही मागणी करायला भारताला श्रीलंकेत एकही सैनिक ठेवावा लागत नाही.